मरणाच्या विभक्ती : इंद्रायणीच्या खोऱ्यातील चार साक्षी

मळवली स्थानकावर उतरून भाजे गावातून लेण्यांची चढण चढू लागले, म्हणजे प्रथम नजरेत भरते ते तेथील चैत्यगृह. अभ्यासकाचा बहुतेक वेळ तेथेच जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून खोदल्या गेलेल्या या २२ लेण्यांच्या समूहात चैत्यगृहाचे महत्त्व निर्विवाद होय. परंतु त्याच्या दक्षिणेस, थोड्याच अंतरावर, १४ लहान स्तूपांचा एक पुंजका आहे. पाच स्तूप खोदलेल्या कातळाच्या आत, नऊ बाहेर. हे येथे वास्तव्य केलेल्या वडीलधाऱ्या भिक्षूंचे स्मारक-स्तूप होत. त्यांपैकी काहींवर ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली आहेत. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी ती नावे वाचली गेली आहेत. मरण पावलेल्या व्यक्तीचे नाव तिच्या स्मारकावर लिहिण्याची महाराष्ट्रातील जी प्राचीनतम उदाहरणे आज आपणांस पाहावयास मिळतात, त्यांत भाज्याच्या या स्तूपांची गणना केली पाहिजे.

कवितेतील मरण हा विषय आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा तत्त्वज्ञानाच्या अंगाने शिकविला जातो. कोणता कवी मरणास भ्याला, कोणी त्याचे स्वागत केले, कोणी त्यात मुक्ती पाहिली, अशी वर्गवारी केली जाते व ती उपयुक्तही असते. परंतु भाषेच्या अभ्यासकास त्याआधी आणखी एक प्रश्न पडतो : मरणाऱ्याचे वाक्यातील स्थान कोणते? तो कर्ता आहे, कर्म आहे, की केवळ संबंधी आहे? भाज्याजवळून वाहणारी इंद्रायणी कुरवंड्याच्या बाजूस उगम पावून पुढे देहू व आळंदी या गावांवरून जाते. या एकाच खोऱ्यात सुमारे दोन हजार वर्षांच्या अवधीत मरणाविषयी जे कोरले गेले, रचले गेले आणि गायिले गेले, त्याची तुलना या एका प्रश्नाच्या आधारे करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिली साक्ष भाज्याच्या स्तूपांची. ती कविता नव्हे. परंतु पुढील तुलनेचा पाया तिच्यात आहे. या लेखांची रचना अगदी त्रोटक आहे : आदरवाचक पदवी, नाव, आणि ‘थूप’ हा शब्द. अमुक स्थविर भदंतांचा स्तूप, इतकाच अर्थ. क्रियापद नाही. ते केव्हा वारले, कशाने वारले, त्यांना कोणती गती मिळाली, यांपैकी काहीही नाही. दाता कोण, हेही सांगितलेले नाही. जवळच्याच एका पोढीवरील लेखात महारठी कोसिकीपुत विण्हुदत या दात्याचे नाव ठळकपणे येते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे स्तूपलेखांतील हे मौन विशेष जाणवते.

मात्र या मौनातही व्याकरण बोलते. येथे मृताचे नाव षष्ठीत आहे, आणि ते अनेकवचनात आहे. एका व्यक्तीसाठी योजलेले हे आदरार्थी बहुवचन होय. आपल्या आजच्या मराठीत ‘आजोबा गेले’, ‘गुरुजी वारले’ असे म्हणताना आपण जे करतो, त्याच वृत्तीचा हा पुरावा आहे. षष्ठी ही स्वामित्वाची विभक्ती. स्तूप त्यांचा आहे. म्हणजे ज्याचा तो आहे, तो कोणत्या तरी अर्थाने अजून येथे आहे. ग्रेगरी शोपेन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात भाजे, कान्हेरी इत्यादी ठिकाणच्या अशा स्तूपांकडे लक्ष वेधून, विहारातील स्थानिक मृत भिक्षूंचे पूजन हा संघजीवनाचा महत्त्वाचा भाग होता, असे प्रतिपादन केले आहे. भाज्याचे षष्ठ्यन्त नाव या प्रतिपादनाशी सुसंगतच आहे.

याच्या शेजारी पाली ‘थेरगाथा’ ठेवून पाहावी. या संग्रहात २६४ स्थविरांच्या नावे रचना आहेत. भाज्याच्या भिक्षूंशी तिचा थेट संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. तुलना आहे ती वृत्तीची. मरणाचीही आस नाही व जगण्याचीही नाही, मजुरीची वाट पाहणाऱ्या चाकराप्रमाणे आपण वेळेची वाट पाहत आहो, या आशयाची गाथा तेथे सारिपुत्त, रेवत, संकिच्च अशा अनेकांच्या तोंडी जवळजवळ त्याच शब्दांत येते. एकच गाथा अनेकांच्या मुखी असणे ही संपादकीय चूक नव्हे. मरणापुढची समता ही कोणा एकाची मिरास नाही, ती संघाची भाषा आहे, असेच त्यातून सूचित होते. गाथेत बोलणारा स्वतःविषयी निःस्पृह आहे. स्तूपावर मात्र मागे राहिलेल्यांनी त्याचे नाव कोरले आहे. ज्याने ‘मी’ सोडला, त्याचे नाव इतरांनी जपले. मरणाविषयीच्या वृत्तीचा विचार करताना मरणाऱ्याची वृत्ती व उरलेल्यांची वृत्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा भाजे आपणांस आरंभीच देते.

दुसरी साक्ष आळंदीची. शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी तेथे समाधी घेतली. नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत या प्रसंगाचे वर्णन आहे. त्यांपैकी सर्वच अभंग एकाच हातचे आहेत काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी वारकरी परंपरेने हा प्रसंग याच अभंगांतून मनात साठविला आहे, यात शंका नाही.

येथे क्रियापदाकडे पाहावे. ‘मरणे’ हे अकर्मक क्रियापद. ते कर्त्यावर ओढवते. ‘समाधी घेणे’ हा सकर्मक प्रयोग. त्यात कर्ता तृतीयेत येतो आणि समाधी हे त्याच्या कृतीचे कर्म होते. ‘देह ठेवणे’ या प्रयोगाचीही जात तीच. मरण ही घडणारी गोष्ट न राहता केलेली गोष्ट होते. अभंगांतील वर्णनही या व्याकरणाशी जुळणारे आहे : जागा स्वच्छ केली जाते, निरोप घेतले जातात, निवृत्तिनाथ धाकट्या भावास हात धरून आत नेतात, आणि शिळा बसविली जाते. जाणारा शांत आहे. शोक आहे तो निवृत्तीचा, सोपान-मुक्ताईचा, स्वतः नामदेवाचा. ज्यास शिष्य केले त्यालाच निरोप देण्याची वेळ गुरूवर यावी, आणि त्याचा धीर सुटावा, ही या अभंगांतील सर्वांत हृद्य गोष्ट आहे. निवृत्तिनाथांच्या ज्ञानाने त्यांचे अश्रू थांबत नाहीत, व कवीला ते लपवावेसेही वाटत नाहीत. भाज्यास जे षष्ठीत मूक होते, ते येथे बोलू लागते.

तिसरी साक्ष देहूची. तुकारामांनी (१६०८–१६५०) आणखी एक पाऊल टाकले. ‘मी मेलो’ हे वाक्य साक्ष म्हणून कोणासही उच्चारता येत नाही. बोलीत आपण ‘मेलो!’ म्हणतो ते अतिशयोक्तीने, आणि म्हणणारा जिवंत आहे म्हणूनच ते म्हणता येते. तुकारामांनी ही अडचण क्रियापद बदलून ओलांडली. आपण आपल्याच मरणाचे प्रेक्षक झालो, असे सांगणाऱ्या त्यांच्या अभंगात मरण हे ‘पाहणे’ या क्रियेचे कर्म होते आणि ‘मी’ तृतीयेत जाऊन साक्षी म्हणून शिल्लक राहतो. आपला पिंड आपल्याच हाताने दिल्याचे वर्णनही ते करतात. जी उत्तरक्रिया मुलाने करावयाची, ती मरणाऱ्यानेच उरकून टाकली. मागे राहणाऱ्यांसाठी काही कामच उरले नाही. आळंदीच्या अभंगांतील शोकाचे भागीदार येथे दिसत नाहीत, कारण मरणारा व उरणारा एकच आहे.

येथपर्यंत ही कहाणी एका चढत्या पायरीसारखी वाटते : षष्ठीतील मृत, तृतीयेतील कर्ता, तृतीयेतील साक्षी. अनेक विवेचनांत ती अशीच सांगितली जाते आणि येथेच थांबते. परंतु तुकारामांच्याच गाथेत दुसरे एक मरण आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची एक पत्नी अन्नावाचून गेली. आपल्या पूर्वायुष्याचे कथन करणाऱ्या अभंगात ते हे सांगतात, त्याची लाज वाटल्याचेही सांगतात. आणि अन्यत्र, ती यातनांतून सुटली अशा आशयाचे कठोर उद्गार काढतात. तिच्यासाठी योजलेले क्रियापद कोणते? ‘मेली’. ना समाधी, ना देह ठेवणे, ना साक्षित्व. प्रथमेतील कर्ता, अकर्मक क्रियापद, एकवचन.

यात तुकारामांच्या निष्ठुरपणाचा पुरावा शोधणे अन्यायाचे होईल. उलट, ज्याने शब्द सौम्य केला नाही, त्यानेच हे मरण नोंदविले. परंतु भाषेने मरणाची वाटणी कशी केली आहे, हे येथे उघडे पडते. ‘मरणे’ हा उघडा शब्द मराठीने माणसांसाठी जवळजवळ टाकून दिला आहे. माणसे जातात, वारतात, निवर्ततात, वैकुंठवासी होतात. उघडा शब्द उरला तो जनावरांसाठी, शत्रूंसाठी, दुष्काळातल्या आकड्यांसाठी, आणि ‘मेला’, ‘मेली’ या शिव्यांसाठी. ज्यांच्या मरणाला आदरार्थी बहुवचन मिळाले नाही, त्यांच्या वाट्याला हे क्रियापद आले.

म्हणून चौथी साक्ष घेणे अवश्य ठरते. ती मावळ-मुळशीच्या स्त्रियांची. १९८० नंतरच्या काळात हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात काम करीत असता जात्यावरील ओव्यांच्या संकलनास आरंभ केला. पुढे त्याचा विस्तार महाराष्ट्रभर होऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, व अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. या ओव्यांत मरणाचा विषय वारंवार येतो, आणि तो प्रामुख्याने ‘अहेव मरणा’च्या रूपाने. नवरा हयात असता, हळदीकुंकवाने, माहेरच्या लुगड्यात आपण जावे, भावाने यावे, कपाळ भरलेले असावे, ही त्यातील मागणी.

हेही आपले मरण आपण पाहणेच आहे. दळता दळता ती स्त्री स्वतःची अंत्ययात्रा डोळ्यांपुढे उभी करते. कोण आले, कोणी काय आणले, कोण रडले, याचा हिशेब मांडते. देहूच्या अभंगाशी याचे साम्य नजरेआड करता येणार नाही. भेद आहे तो विभक्तीचा. ‘मला अहेव मरण यावे’ असे आपण म्हणतो तेव्हा मरण हा कर्ता असतो, ‘येणे’ ही त्याची क्रिया, आणि स्त्री चतुर्थीत उभी असते. तिला ते घेता येत नाही. ते यावे लागते. क्रियापद विध्यर्थी आहे, म्हणजे ते अजून घडलेले नाही, आणि घडेलच याची शाश्वती नाही. तुकारामांस मरण पाहून ‘मी’पासून सुटावयाचे होते. दळणारीला त्यात जे पाहावयाचे आहे, ते वेगळे : हयातीत क्वचितच मिळणारा मान एक दिवस तरी मिळाल्याचे. तिचे मरण-चिंतन कमी प्रतीचे नाही; ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. विधवेच्या वाट्याला येणारे जिणे ज्या समाजात ठाऊक आहे, त्या समाजात अहेव मरणाची इच्छा ही मरणाची ओढ नसून त्या जिण्याविषयीचा अभिप्राय आहे, असेच मानावे लागेल.

हा भेद केवळ स्त्री व पुरुष असा सरळ आहे, असेही नव्हे. देहूस येऊन राहिलेल्या तुकारामशिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी आपल्या निर्याणाच्या अभंगांत पुत्रास पूर्वजन्मांची हकीकत सांगितली आहे. तेथे एक स्त्री आपल्या मरणाविषयी पूर्ण अधिकाराने बोलते. तृतीया स्त्रीस वर्ज्य नव्हती. परंतु ती मिळविण्यासाठी संतपद लागले. जात्यावरच्या स्त्रीजवळ तेवढे नव्हते. जवळ होती ती ओवी.

या चार साक्षींवरून कालक्रमाने झालेल्या विकासाचा सिद्धान्त मांडणे आम्हांस योग्य वाटत नाही. षष्ठी, तृतीया, प्रथमा व चतुर्थी ही सर्व आजही मराठीत एकाच वेळी नांदत आहेत. कोणाच्या मरणासाठी कोणती वापरावयाची, हे मरणाऱ्याच्या तत्त्वज्ञानाइतकेच त्याच्या स्थानावरूनही ठरते. म्हणून मरणविषयक कवितेचे अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याने कवीची वृत्ती शोधण्यापूर्वी वाक्यातील मृत कोठे उभा आहे हे पाहावे, आणि त्याच कवीच्या रचनेत दुसऱ्या कोणाचे मरण निराळ्या विभक्तीत आले आहे काय, तेही पाहावे.

जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात गाणारीचे नाव व गाव नोंदविण्याची पद्धत पाळली गेली, ही त्या कार्याची मोठीच थोरवी होय. ओवीशेजारी ‘हिची ओवी’ अशी नोंद होते, तेव्हा दळणारीही अखेर षष्ठीत येते. भाज्याच्या १४ स्तूपांपैकी काहींवरच अक्षरे आहेत. उरलेले कोणाचे, हे दगड सांगत नाही. पुढच्या वेळी विद्यार्थ्यांसह तेथे जाणाऱ्या अध्यापकाने अक्षरे वाचून झाल्यावर घटकाभर त्या अक्षरहीन स्तूपांपाशीही थांबावे.