रत्नागिरीतील वृक्षनामांचे मूळ

रत्नागिरी जिल्ह्यातील झाडांच्या नावांचे ढोबळमानाने तीन थर पडतात: संस्कृत-प्राकृतातून उतरलेली, द्राविडी भाषांशी नाते सांगणारी आणि पोर्तुगिजांबरोबर आलेली. मराठी इंडो-युरोपीय कुळातली असली, तरी त्या कुळाची सर्वांत जुनी वृक्षनामे कोकणात रुजली नाहीत. संस्कृत 'भूर्ज', रशियन 'बेर्योझा' आणि इंग्रजी 'बर्च' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत; पण भूर्ज हिमालयात वाढतो, कोकणात त्याची ओळख पोथ्यांच्या भूर्जपत्रापुरतीच. लाकूड या अर्थाचा संस्कृत 'दारु' ग्रीक 'द्रूस' (ओक) आणि इंग्रजी 'ट्री' यांचा सगोत्र. मराठीत तो 'देवदार'सारख्या नावांत उरला आहे.

पहिल्या थरातील नावांचे रूप प्राकृतात घडले. 'ताम्र'चे जसे 'तांबे' झाले, तसेच 'आम्र'चे 'अंब' होऊन 'आंबा' झाला. 'घोटक'चा 'घोडा' झाला त्याच नियमाने 'वट'चा 'वड' झाला. 'उदुंबर'चा उंबर, 'पूगफल'ची पोफळ आणि 'शाक'चा साग झाला.

संस्कृतात आलेले प्रत्येक नाव मात्र मूळचे इंडो-युरोपीय नव्हे. नारळ ज्यापासून आला तो 'नारिकेल' आणि फणसाचा 'पनस' हे शब्द द्राविडी मूळचे मानले जातात. दक्षिणेकडील नावे पश्चिमेकडेही गेली: मल्याळम 'मांगा', 'चक्का' आणि 'तेक्कु' यांपासून पोर्तुगीज 'मांगा', 'जाका' आणि 'तेका' झाले, त्यांतून इंग्रजीत मँगो, जॅकफ्रूट आणि टीक आले.

1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यानंतर ब्राझीलकडची झाडे या किनाऱ्यावर आली. 'काजू' आणि 'अननस' ही तेथील तुपी भाषेतली नावे पोर्तुगीजमार्गे मराठीत स्थिरावली. 'हापूस' हे नाव अफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नरावरून आल्याचे मानतात.

ही नावे गावांनाही मिळाली. रत्नागिरी तालुक्यातील आंबेशेत, फणसोप आणि फणसवळे, चिपळूणजवळची पिंपळी आणि राजापूर तालुक्यातील माडबन ही त्याची उदाहरणे.

नावाचे कूळ आणि झाडाचे कूळ एकच असेल असे नाही. चिंच मूळची आफ्रिकेतली, पण तिचे नाव संस्कृत 'चिञ्चा'वरून आले. हापूस भारतीय आंब्याचीच जात, पण त्याचे नाव पोर्तुगीज. म्हणून केवळ नावावरून झाडाचे मूळस्थान ठरवता येत नाही.