न वितळणाऱ्या बर्फाची गोष्ट

मार्च २०२४ मध्ये गुरुग्राम येथील एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून पाच जणांच्या तोंडी शुष्क बर्फ पडला. त्यांची तोंडे पोळली, रक्ताच्या उलट्या झाल्या आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. बर्फाने पोळावे कसे, याचे उत्तर या पदार्थाच्या जवळजवळ दोनशे वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे.

१८२३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी बंद काचनळीत स्वतःच्याच दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायूचा द्रव केला. १८३५ मध्ये फ्रेंच संशोधक तिलोरिए यांनी हा द्रव धातूच्या पात्रात मोठ्या प्रमाणावर साठवला. पात्राचे तोंड उघडताच द्रव उसळून बाहेर आला. त्याचा काही भाग क्षणार्धात वायुरूप झाला आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्याने उरलेल्या भागातून ओढून घेतली. तो भाग शुभ्र हिम होऊन गोठला. उघड्यावर ठेवलेले हे हिम नाहीसे होई, पण मागे ओलाव्याचा थेंबही उरत नसे.

याचे कारण दाबात आहे. कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात टिकण्यासाठी वातावरणाच्या पाचपटीहून अधिक दाब लागतो. नेहमीच्या दाबाखाली उणे ७८.५ अंश सेल्सिअसला घनाचा थेट वायू होतो. यालाच संप्लवन म्हणतात. एक किलो शुष्क बर्फापासून ५०० लिटरांहून अधिक वायू निर्माण होतो.

हा वायू कोंडला गेला तर काय होते, हे १८४० च्या अखेरीस पॅरिसमध्ये दिसले. तिलोरिए यांच्या पद्धतीचे ओतीव लोखंडी पात्र फुटले आणि ते हाताळणारा एर्वी हा तरुण साहाय्यक प्राणास मुकला.

१९२५ मध्ये अमेरिकेत ‘ड्राय आइस’ हे व्यापारी नाव नोंदले गेले. आज लग्नमंडपांत त्याचा पांढरा धूर कौतुकाने पाहिला जातो. वस्तुतः तो धूर म्हणजे हवेतील बाष्पाचे गोठू पाहणारे सूक्ष्म थेंब; खरा वायू अदृश्य आणि हवेहून जड असतो. बंद खोलीत तो तळाशी साचतो आणि श्वास कोंडतो.

शुष्क बर्फ तोंडात पडला की तो ऊतींतील उष्णता वेगाने शोषतो. पेशी गोठतात आणि मरतात. तो गिळला गेला, तर वायूचा फुगारा जठरात होतो. पॅरिसमधील पात्र लोखंडाचे होते, तरीही ते टिकले नाही. म्हणून हा बर्फ हातमोजे घालूनच हाताळावा, हवेशीर जागी ठेवावा, झाकण कधीही घट्ट लावू नये. आणि ताटात तर तो येऊच नये.