नोफॉलो लिंक म्हणजे काय? ती कुठे लावायची, कुठे नाही?

लातूरच्या ट्यूशन एरियातला क्लास असो की नांदेडहून चालणारी नोकरीच्या जाहिरातींची साइट, स्वतःची वेबसाइट काढली की एक मेसेज हमखास येतो: 'शंभर बॅकलिंक घ्या, गुगलवर पहिला नंबर!' पैसे पाठवण्याआधी नोफॉलो हा एक शब्द समजून घ्या.

लिंक म्हणजे शिफारस

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पेजरँक पद्धत साधी आहे. एका साइटने दुसरीची लिंक दिली, म्हणजे तिच्यासाठी शब्द टाकला. ज्याच्यासाठी जास्त आणि वजनदार साइट्स शब्द टाकतात, तो वर येतो. मग काय, लोक जिथे जागा मिळेल तिथे आपली लिंक चिकटवू लागले.

यावर उपाय म्हणून जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएन यांनी नोफॉलो मान्य केलं. लिंकच्या कोडमध्ये हा शब्द असला, की सर्च इंजिनला निरोप जातो: 'लिंक दिलीय, पण माझी शिफारस समजू नका.' वाचणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. लिंक नेहमीसारखीच उघडते.

मराठी विकिपीडियावरही बाहेरच्या साइट्सच्या लिंकना नोफॉलो आपोआप लागतं. त्यामुळे 'लातूर' किंवा 'नांदेड' या लेखात आपल्या क्लासची लिंक घुसवून रँकिंग वाढेल, ही आशा सोडा.

कुठल्या लिंकला काय लावायचं?

सप्टेंबर २०१९ मध्ये गुगलने आणखी दोन खुणा आणल्या. आता हिशोब असा:

• स्पॉन्सर्ड: पैसे घेऊन दिलेली लिंक. उदा. तुमच्या साइटवरची एखाद्या क्लासची जाहिरात.
• यूजीसी: वाचकांनी स्वतः टाकलेली लिंक.
• नोफॉलो: ज्या साइटची खात्री देता येत नाही, अशी इतर कुठलीही लिंक.
• काहीच नाही: विश्वासाची लिंक. एमपीएससीच्या अधिकृत साइटची लिंक साधीच ठेवा.

ब्लॉगरवर लिंक टाकतानाच नोफॉलोचा चौकोन दिसतो, तिथे टिक केली की झालं. मात्र २०१९ पासून गुगल या खुणांकडे हुकूम म्हणून नाही, सूचना म्हणून बघतं.

मग त्या शंभर बॅकलिंकचं काय?

त्या नोफॉलो असतील, तर रँकिंगसाठी त्यांचा भरवसा नाही. नसतील, तर विकत घेतलेली शिफारस गुगलच्या नियमांत बसत नाही आणि साइट खाली जाऊ शकते. दोन्हीकडून खिसा तुमचाच रिकामा.

नोफॉलो म्हणजे कुलूप नाही

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. समजा, क्लासच्या साइटवर विद्यार्थ्यांची मोबाइल नंबरसकट यादी टाकली आणि तिच्या लिंकला नोफॉलो लावलं. ते पान दुसऱ्या कुठल्या लिंकवरून गुगलला सापडू शकतं. पान सर्चमध्ये नको असेल, तर त्या पानालाच नोइंडेक्स लावावं लागतं. पण नोइंडेक्स असलं तरी ज्याच्याकडे लिंक आहे तो पान उघडणारच. म्हणून अशी यादी पासवर्डच्या आत ठेवा. त्याहून बरं म्हणजे, नंबर साइटवर टाकूच नका.