दारापाशीचा सेवक : ख्रिस्ती मंडळीतील द्वारसेवेच्या इतिहासाची काही पाने

पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. दार ही केवळ ये-जा करण्याची जागा नसते. आत कोणी जावे आणि बाहेरूनच हात कोणी जोडावेत याचा निवाडा तेथे होत असतो, हे मराठी वाचकास वेगळे सांगण्याची गरज नाही. ख्रिस्ती उपासनामंदिराच्या दाराशी हा निवाडा कोणी आणि कोणत्या अधिकाराने केला, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे. पाळक, बिशप, मिशनरी यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या भाषेत पाळक, वडील, पंच, डीकन हे शब्द चांगले रुळले आहेत. येणाऱ्याचे स्वागत करणारा, त्यास जागा दाखविणारा, दानार्पणाची थैली फिरविणारा जो सेवक, त्याच्यासाठी असा एकच सर्वमान्य शब्द दिसत नाही; शहरी मंडळ्यांत ‘अशर’ असेच म्हणतात. हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘ओस्तिआरिउस’वरून आला आहे. ‘ओस्तिउम’ म्हणजे दार. म्हणजे मुळात हा शुद्ध द्वारपाळच होय.

द्वारपाळाची परंपरा ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. जुन्या करारातील इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात यरुशलेमच्या मंदिराच्या द्वारपाळांची तपशीलवार माहिती येते. ते लेवी वंशातील होते आणि त्यांत कोरहाच्या वंशजांना विशेष स्थान होते. चारही दिशांच्या दारांवर त्यांच्या पाळ्या लागत. भांडारावर त्यांची नजर असे. सेवेची भांडी बाहेर काढताना आणि आत ठेवताना ती मोजली जात. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात त्यांच्या कामाचा आणखी एक हेतू स्पष्ट सांगितला आहे : कोणत्याही कारणाने अशुद्ध असलेला मनुष्य आत येऊ नये म्हणून हे पहारेकरी नेमले गेले. रक्षण आणि वर्जन ही दोन्ही कामे अशी प्रारंभापासूनच एका हाती आहेत.

नव्या करारातील याकोबाच्या पत्राने या व्यवस्थेवर नेमके बोट ठेवले. सभेत सोन्याची अंगठी घातलेला, उंची वस्त्रांतला गृहस्थ आला म्हणजे त्यास मानाची जागा द्यावयाची, आणि मळक्या कपड्यांतल्या दरिद्र्यास ‘तिकडे उभा राहा, नाही तर पायाशी बस’ असे सांगावयाचे, हा दुजाभाव याकोब पाप ठरवितो. हा उपदेश मोघम समतेविषयीचा नाही; आसन देण्याविषयीचा आहे. म्हणजे इतक्या प्रारंभीच्या काळातही कोणाला कोठे बसवावे हा मंडळीतील प्रत्यक्ष तंट्याचा विषय झालेला होता.

तिसऱ्या शतकात सीरियात रचल्या गेलेल्या ‘दिदास्कालिया’ या आचारग्रंथाने पुढचे पाऊल टाकले. वयोवृद्ध गरीब स्त्री वा पुरुष आला आणि जागा उरली नसेल, तर बिशपाने मनापासून त्यास जागा करून द्यावी, मग स्वतःला जमिनीवर बसावे लागले तरी चालेल, असे हा ग्रंथ सांगतो. प्रतिष्ठित माणूस आला म्हणून बिशपाने प्रवचन थांबवू नये, असेही त्यात आहे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘अपोस्तलिक विधानां’त पुरुषांच्या दाराशी द्वारपाळ आणि स्त्रियांच्या दाराशी सेविका उभ्या कराव्यात, अशी वाटणी दिसते.

रोमच्या मंडळीत हे काम तोवर पदश्रेणीत आले होते. तेथील बिशप कॉर्नेलियस यांनी इ. स. २५१च्या सुमारास अंत्युखियाच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद दिली आहे आणि इतिहासकार युसेबियसने ती जपून ठेविली आहे. ४६ प्रेस्बिटर, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ अकोलाइट, आणि भूतनिवारक, वाचक व द्वारपाळ मिळून ५२. त्याच मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व गरजूंची संख्या पंधराशेहून अधिक होती. छळाच्या त्या काळात द्वारपाळाचे काम निश्चितच जोखमीचे असले पाहिजे. शिवाय बाप्तिस्मा न झालेल्यांनी उपासनेच्या पहिल्या भागानंतर निघून जावे, अशी शिस्त होती. ते गेल्यावर दारे बंद करावयाची असत. पौर्वात्य उपासनाविधीत दारांविषयीचा तो इशारा आजही उच्चारला जातो, जरी कोणी बाहेर जात नाही.

गॉल प्रांतात पाचव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या नियमसंग्रहात द्वारपाळाच्या दीक्षेचा विधी आहे. बिशप त्याच्या हाती चर्चच्या किल्ल्या देतो आणि या किल्ल्यांनी जे राखले जाते त्याचा हिशेब देवाला द्यावयाचा आहे याची त्यास जाणीव करून देतो. पुढे दार उघडणे-लावणे आणि घंटा वाजविणे यांचाही विधीत समावेश झाला. कालांतराने प्रत्यक्ष काम पगारी नोकरांकडे गेले आणि द्वारपाळाची दीक्षा ही पुरोहित होऊ पाहणाऱ्या उमेदवाराच्या वाटेवरची केवळ एक पायरी उरली. भारतातील सेमिनारींतही ती दिली जाई. पोप सहावे पॉल यांनी १५ ऑगस्ट १९७२च्या आदेशाने ती रद्द केली. काम मात्र संपले नाही. रोमन मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत, दाराशी श्रद्धाळूंचे स्वागत करून त्यांना योग्य जागी नेणाऱ्यांचा व मिरवणुकीची व्यवस्था पाहणाऱ्यांचा उल्लेख आहे. दीक्षा गेली आणि सेवा सामान्य माणसांकडे परत आली.

इंग्लंडात या सेवेला निराळे वळण लागले. १६०३च्या चर्च-नियमांनी प्रत्येक परगण्यात वॉर्डनांच्या मदतीस ‘साइड्समन’ निवडण्याची तरतूद केली. लोक उपासनेस येतात की नाही, आवारात रेंगाळतात काय, हे पाहणे त्यांचे काम होते. म्हणजे स्वागतापेक्षा देखरेखच अधिक. पुढे बाकांची भाडी आकारण्याची पद्धत बोकाळली. ज्या कुटुंबाने भाडे भरले त्याचे बाक दार लावून राखीव, आणि गरिबांसाठी मागची किंवा मधल्या वाटेतली मोफत जागा. बाकांची दारे उघडून देण्यासाठी स्वतंत्र नोकर असत आणि त्यांना बक्षिसीची अपेक्षा असे. याकोबाच्या पत्रातील निषिद्ध प्रसंग येथे रीतसर व्यवस्था होऊन बसला.

हीच व्यवस्था जेथे वंशभेदाशी जोडली गेली तेथे तिचे रूप अधिक उग्र झाले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस जे घडले ते रिचर्ड ॲलन यांनी आपल्या आत्मकथनात नोंदविले आहे. दाराशी उभ्या असलेल्या चर्चसेवकाने कृष्णवर्णीय उपासकांना वरच्या सज्ज्यात जाण्यास सांगितले. ते गेले. पण जेथे ते गुडघे टेकून बसले ती जागाही त्यांची नव्हे असे सांगत, प्रार्थना चालू असतानाच, विश्वस्तांनी ॲबसलम जोन्स यांना ओढून उठविण्यास आरंभ केला. प्रार्थना संपेपर्यंत थांबण्याची विनंतीही मानली गेली नाही. सर्वजण एकदम बाहेर पडले. १७९४ साली ॲलन यांचे बेथेल चर्च उभे राहिले आणि १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकन लोकांच्या गुलाममुक्तीच्या कार्यास अर्पण केली, त्या देशातील उपासनामंदिरांची ही दुसरी बाजू होती.

या अपमानाचे त्या समाजाने पुढे जे केले ते मला विशेष लक्षणीय वाटते. ज्या दाराने त्यांना हिणविले त्याच दाराची सेवा त्यांनी आपल्या मंडळ्यांत प्रतिष्ठेची केली. पांढरे हातमोजे, एकसारखा पोशाख, भाषणात व्यत्यय येऊ नये म्हणून हातांच्या खुणांची स्वतंत्र भाषा, आणि भावावेगाने कोसळणाऱ्या उपासकाला सावरण्याचे शिक्षण अशी शिस्तबद्ध परंपरा तेथे घडली. १९१९ साली अशा सेवकांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. आठवडाभर इतरांच्या घरी राबणारा माणूस रविवारी आपल्या मंडळीच्या दाराशी यजमान म्हणून उभा राहत होता.

भारतात वंशाच्या जागी जात होती. त्रंकबार येथे १७०६ साली डॅनिश-हाले मिशनचे त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाउ उतरले. त्यांच्या परंपरेतील तमिळ मंडळ्यांत शूद्र गणल्या गेलेल्या जातींतील ख्रिस्ती एका बाजूस आणि परया ख्रिस्ती दुसऱ्या बाजूस बसत. तंजावरच्या मराठी दरबाराचा या कथेशी निकटचा संबंध आहे. मिशनरी श्वार्ट्स हे सरफोजी राजांचे गुरू. त्यांच्या स्मरणार्थ राजांनी शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले, ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. सरफोजींच्याच आश्रयाला असलेले तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) हे वेल्लाळ जातीचे होते. नव्या पिढीच्या मिशनऱ्यांनी जातिभेद मोडण्याचा आग्रह धरला तेव्हा शास्त्रींनी त्यास लेखी विरोध केला. जात ही लौकिक रीत आहे, तिचा श्रद्धेशी संबंध नाही, अशी त्यांची भूमिका होती. बायबलच्या तमिळ भाषांतरात फेरफार, उपासनेतून तमिळ पदांची गच्छंती, समारंभातील फुलांना बंदी, याही त्यांच्या तक्रारी होत्या. या माणसाला निव्वळ प्रतिगामी म्हणून निकालात काढता येत नाही. परकीयांनी आपल्या भाषेवर व रीतींवर चालविलेले आक्रमण आणि आपल्याच शेजाऱ्यावर आपण चालविलेला अन्याय, या दोहोंतील भेद त्यांना दिसला नाही, एवढे मात्र म्हणावे लागते.

कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली परिपत्रक काढून मंडळीतील जातिभेद तत्काळ आणि कायमचे सोडावेत असे फर्माविले. एकत्र बसणे, प्रभुभोजनास क्रम न पाळता येणे, हे त्यातील कळीचे मुद्दे. तंजावर, त्रिचनापल्ली, मद्रासचे वेपेरी या ठिकाणी अनेक कुटुंबे मंडळी सोडून गेली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की वाद धर्मतत्त्वांवर फारसा झालाच नाही. तो चटईच्या जागेवरून झाला.

तिरुनेलवेली भागातील वडक्कनकुळमच्या कॅथलिक चर्चने तर जातिभेद वास्तूतच बांधून टाकला. १८७२ साली तेथे वेदीकडे तिरप्या येणाऱ्या दोन स्वतंत्र शाखांची इमारत उभी राहिली. वेल्लाळांची एक, नाडार आणि इतरांची दुसरी. वेदी दोघांना दिसे, एकमेकांना ते दिसत नसत. अशा इमारतीत द्वारसेवकास बोलण्याचे कामच उरत नाही. भिंतच त्याचे काम करते. १९१० साली मधला अडसर काढण्यात आला. वेल्लाळ पक्षाने न्यायालयात धाव घेतली. जातीच्या आधारावर चर्चमध्ये स्वतंत्र जागेचा हक्क मद्रास उच्च न्यायालयाने मान्य केला नाही.

मराठी प्रदेशात चित्र काहीसे निराळे होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे ठाणे केले. हरिपंत खिस्ती या ब्राह्मण गृहस्थांनी १८३९ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना महार बंधूंच्या मंडळीत त्यांच्या बरोबरीनेच यावे लागले. वेगळ्या बाजूची सवलत मिशनने दिली नाही. तरीही सवय दारातून आत येतेच. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तून सोवळ्याओवळ्याशी त्यांचा झालेला झगडा वाचला म्हणजे हे अंतर कापणे घराच्या उंबऱ्यात किती कठीण होते ते कळते. खेड्यांतील मंडळ्यांत बाके नव्हती, सतरंजी होती. त्यामुळे भाड्याच्या बाकांचा प्रश्न तेथे उद्भवला नाही. पुरुष एका बाजूस आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूस, एवढी वाटणी असे.

आज शहरी मंडळीत या सेवकाची कामे सांगावयाची तर ती अशी : उपासनेपूर्वी येऊन पंखे-दिवे पाहणे, गीतपुस्तके देणे, नवख्याला ओळखीच्या माणसाशेजारी बसविणे, उशिरा येणाऱ्यास प्रार्थनेच्या वेळी थोपवून गीताच्या वेळी आत सोडणे, दान गोळा करून दोघांच्या समक्ष मोजणे, प्रभुभोजनाच्या रांगा लावणे, कोणास घेरी आली तर बाहेर नेणे. त्यास व्यासपीठावर स्थान नसते. परंतु परका माणूस मंडळीविषयी जे मत बनवितो ते बहुधा प्रवचन सुरू होण्यापूर्वीच बनलेले असते.

या सेवेच्या हाती केवढी सत्ता असते ते १९६३ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात दिसून आले. तेथील गॅलोवे मेमोरियल या प्रतिष्ठित मेथडिस्ट चर्चमध्ये ९ जून रोजी पाच कृष्णवर्णीय उपासनेस आले आणि दाराशीच परतविले गेले. अठरा वर्षे तेथे पाळक असलेले डब्ल्यू. बी. सेला यांना व्यासपीठावर असतानाच हे कळले, आणि त्यांनी त्याच उपासनेत राजीनाम्याची घोषणा केली. व्यासपीठ त्यांचे होते. दार मात्र सामान्य सभासदांच्या मंडळाचे आणि त्याने नेमलेल्या सेवकांचे होते. त्यानंतर तीनच दिवसांनी नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांची त्या शहरात हत्या झाली. ऑक्टोबरपासून जॅक्सनच्या चर्चदारांशी येणाऱ्यांना पोलीस अटक करू लागले.

२९ मार्च १९६४, पुनरुत्थानाचा रविवार. त्याच गॅलोवे चर्चच्या पायऱ्यांवर मेथडिस्ट पंथाचे दोन बिशप आले : कृष्णवर्णीय चार्ल्स गोल्डन आणि गौरवर्णीय जेम्स मॅथ्यूज. आपल्याच पंथाच्या बिशपांना द्वारसेवकांनी आत घेतले नाही. यांपैकी मॅथ्यूज यांनी १९३८ पासून काही वर्षे मुंबईत मिशनरी म्हणून काम केले होते. ‘ख्रिस्ती आश्रम’ चळवळीचे ई. स्टॅन्ली जोन्स हे त्यांचे सासरे. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आरंभ झालेला सत्याग्रह १९३५पर्यंत चालला होता. मॅथ्यूज त्यानंतर तीन वर्षांनी या देशात आले. सत्याग्रहाचा त्यांनी पुढे रीतसर अभ्यास केला आणि गांधीजींच्या या शस्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९८९ साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला.