गुंज, एरंडी आणि कुळीथ

सोनाराच्या तराजूत गुंज जाऊन बसली ती तिच्या नेमस्त वजनामुळे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची. आमच्या सीमाभागात कानडी शेजारी तिला गुलगंजी म्हणतात. वजनमापांचा पाठ शिकवताना मी वर्गात गुंजा नेतो. मात्र मोजून देतो आणि मोजूनच परत घेतो. अख्खी बी पोटातून तशीच बाहेर पडते, पण चावली गेली तर जिवावर बेतते.

हे ज्ञान आपल्याकडे जुनेच. आयुर्वेदाने गुंजेला उपविषांत घातले आणि दुधात किंवा कांजीत उकळून तिचे शोधन करायला सांगितले. कातड्याच्या लोभाने दुसऱ्याची गुरे मारणाऱ्यांनाही ते ठाऊक होते! गुंजेच्या पिठाच्या टोकदार सुया वाळवून ते जनावराच्या अंगात खुपसत. ब्रिटिश अमदानीत अशी प्रकरणे इतकी झाली, की सरकारी रसायनतज्ज्ञांना या विषाकडे लक्ष देणे भाग पडले.

त्याच सुमारास, १८८२ मध्ये, पॅरिसचा नेत्रवैद्य लुई द वेकर खुपऱ्यांवर गुंजेचा अर्क वापरू लागला. त्याने डोळा भयंकर सुजे. जंतुशास्त्राच्या बहराचा तो काळ. साहजिकच ही सूज एका जंतूमुळे येते, असे झाट्लर नावाच्या नेत्रतज्ज्ञाने जाहीर केले. त्याचे खंडन झाले ते कलकत्त्यात. वॉर्डन आणि वॉडेल यांनी १८८४ मध्ये दाखवून दिले, की जंतूचा येथे संबंध नाही. विष आहे ते बीतल्या प्रथिनाचे. (हाच वॉडेल पुढे तिबेटी बौद्ध धर्मावरील ग्रंथामुळे गाजला.) प्रथिन म्हटल्यावर दुधात उकळण्याचे मर्मही उलगडते: उष्णतेने प्रथिनाची घडण मोडते. आपल्या वैद्यांना उपाय माहीत होता, कारण नव्हते. दोन्ही गोष्टी मान्य करण्यात कमीपणा कसला?

१८८८ मध्ये दोर्पात (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथे श्टिलमार्क या संशोधकाने एरंडीतले रिसिन अभ्यासले. त्याने रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, हे त्याला दिसले. आजीच्या एरंडेलाने आपण वाचलो, कारण हे प्रथिन तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. १८९१ मध्ये पाउल एर्लिखने उंदरांना रिसिन थोडेथोडे वाढवत चारले. ते उंदीर रिसिनला दाद देईनात. गुंजेच्या विषाने मात्र मेले. शरीराचा बचाव ज्या त्या विषापुरता असतो, हे त्यातून उमगले.

याच वंशावळीत आपला गरीब कुळीथही आहे, म्हणजे कानडी हुरळी. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१-५२ मध्ये शोधले, की कुळथाचा योग्य पातळ केलेला अर्क 'ए-१' उपगटाच्या रक्तपेशींना गोळा करतो, 'ए-२' ला सोडून देतो. पूर्वी ही पारख करायला माणसाच्या रक्तातूनच खटपटीने द्रव तयार करावा लागे. आजही रक्तपेढ्यांत कुळथाचे हे प्रथिन वापरतात. आमच्या पाठ्यपुस्तकात एर्लिख आहे, पुण्यातला कुळीथ नाही. याची मला चुटपूट वाटते.

अशा प्रथिनांना १९५४ मध्ये बॉइड आणि शेपली यांनी 'लेक्टिन' हे नाव दिले. मूळ लॅटिन धातूचा अर्थ निवडणे, वेचणे. सुपात कुळीथ घेऊन बसणाऱ्या बाईला तो वेगळा सांगायला नको.