सातबाऱ्यावर न दिसणारं पाणी

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, "कोकणात जागा घेताना काय बघावं?" प्रश्न व्यवहाराचा आहे, पण उत्तर इतिहासातून सुरू होतं.

गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर डोळ्यांपुढे आणा. समुद्र, त्याला लागून पुळण, पुळणीमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, मग डोंगरउतार आणि वर जांभ्याचा सडा. वर्षाला २५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. रेताड जमिनीत पाणी झटकन मुरतं, तिथं नारळ. सखल, चिकण जमिनीत ते तुंबतं, तिथं भात. सड्यावर मुरलेलं पाणी जांभ्याखालच्या चिकणमातीवर अडतं आणि उताराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. म्हणून त्या पायथ्याशी डोंगर उभा कापणं धोक्याचं. जुन्या लोकांनी भूगर्भशास्त्र वाचलं नव्हतं, पण पाणी कुठं थांबतं हे बघून मगच ते घराचं जोतं घालत.

इंग्रजांनाही हेच शिकावं लागलं. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीचे नियम सांगणारा विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन यांचा अहवाल १८४७चा. त्यात मातीच्या नऊ प्रती ठरवल्या आणि सात दोष मोजले. पाणी न मुरणं, वाहत्या पाण्याखाली जाणं, झऱ्यांमुळे ओल जास्त असणं हे त्या सातांपैकीच. एक दोष सापडला की जमीन एक प्रत खाली. ही पद्धत मुळात देशावरची. कोकणातल्या भातजमिनीला ती जशीच्या तशी कशी लागू पडणार? जे साचलेलं पाणी ज्वारी कुजवतं, त्याच्यावरच भात वाढतो. म्हणजे दोष नुसता मातीत नसतो. आपण तिच्याकडे काय मागतो, त्यावर तो ठरतो.

आता आमचीच गोष्ट सांगतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण जागा घेताना आम्ही सातबाऱ्यावर नाव, क्षेत्र आणि बोजा एवढंच पाहिलं. पीक भात लिहिलं होतं, ते वाचून पुढे गेलो. जागा पाहिली मे महिन्यात, खडखडीत कोरडी. भराव घातला, गडगा बांधला. जुलैत आमचं अंगण कोरडं राहिलं आणि शेजारच्या आजींचा लावणी झालेला मळा बुडाला. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पऱ्या तुमच्यातून जायचा हो." कागदावर आम्ही कुठंच चुकलो नव्हतो. तरी त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या उन्हाळ्यात गडगा फोडला, भराव काढला, पऱ्याला वाट दिली. जागेचा चौथा हिस्सा गेला. गेला म्हणजे काय, तो आमचा नव्हताच.

तेव्हा जागा मे महिन्यात बघा, विहिरीचा तळ दिसतो. जुलैत पुन्हा बघा, पाण्याची वाट दिसते. आणि शेजाऱ्याला विचारा, पाणी येतं कुठून, जातं कुठं. जमिनीला मालक असतो. तिच्यावरून जाणाऱ्या पाण्याला फक्त पुढचा शेजारी असतो.