एक हात खिशात

कोयनेच्या पाण्यावर वीज तयार व्हायला लागली साठच्या दशकाच्या सुरुवातीला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पण टीव्हीच्या लहरी नजरेसारख्या सरळ जातात आणि कोयनानगरच्या चारी बाजूंना डोंगर आहेत. त्यामुळे ज्या गावाच्या धरणाने अख्ख्या राज्याला वीज दिली, तिथल्या क्वार्टर्समध्ये चित्राऐवजी बराच काळ मुंग्याच दिसायच्या. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह आकाशात गेला, पुढच्या वर्षापासून देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, आणि मग आमच्यासारख्या डोंगरातल्या वस्त्यांमध्ये कौलांवर अँटेना दिसायला लागल्या.

आमच्या घरी वीस इंची ब्लॅक अँड व्हाइट होता, लाकडी शटरचा. आईने तो उंच फळीवर कधी ठेवू दिला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप तिने अनुभवला होता आणि जमीन त्यानंतरही अधूनमधून हलतच होती. पिक्चर ट्यूबमध्ये हवा नसते. ती फुटली तर काच आधी आत ओढली जाते आणि मग खोलीभर उडते. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण तिचा नियम बरोबर होता.

सेट बिघडायचा तो बहुतेक पावसाळ्यात. कोयनानगरला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कपडे आठवडाभर वाळत नाहीत, तिथे टीव्ही कसा कोरडा राहणार? पिक्चर ट्यूबच्या बाजूला एक रबरी टोपी असते. तिच्याखाली ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्ये पंधरा हजार व्होल्टच्या आसपास आणि मोठ्या रंगीत सेटमध्ये पंचवीस हजारांच्या आसपास दाब असतो. तिथे ओल आणि धूळ साचली की आतून चुरचुर आवाज येतो, अंधारात निळसर ठिणगी दिसते, आणि एक तिखट वास सुटतो. तो ओझोनचा. हा वास आला की बटणाच्या नादी न लागता थेट प्लग काढायचा.

एवढा दाब येतो कुठून, तर ईएचटी नावाच्या ट्रान्सफॉर्मरमधून. आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ६२५ रेघांचं. सेकंदाला १५,६२५ रेघा पडद्यावर ओढल्या जात, आणि प्रत्येक रेघ संपून किरण मागे फिरताना हा ट्रान्सफॉर्मर दाबाचा एक झटका द्यायचा. जुना टीव्ही लावल्यावर ऐकू येणारी बारीक शिट्टी ती हीच. म्हाताऱ्यांना ऐकू येत नसे, आम्हा पोरांना शेजारच्या क्वार्टरमधूनही यायची.

कॉलनीत दुरुस्तीला एक काका यायचे. त्यांच्या पिशवीत डाग द्यायची कैची, मल्टीमीटर आणि एक लाकडी फळी असे. फळीवर होल्डर, त्यात शंभर वॅटचा पिवळा बल्ब, आणि त्याच वायरीत पुढे टीव्हीसाठी सॉकेट. हा सिरीज बोर्ड. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून तसाच राहतो, वीज त्यातच अडते, पुढचे पार्ट जळत नाहीत. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. माझ्या मते भारतीय दुरुस्तीच्या इतिहासात या फळीला एक प्रकरण मिळायला हवं. (एलईडी बल्बने हे जमत नाही, तारेचाच बल्ब लागतो. आणि हा बोर्ड सेटला वाचवतो, माणसाला नाही.)

माणसाला वाचवायची रीत वेगळी होती. मी जवळ उभा असलो की काका म्हणायचे, "पोरा, एक हात खिशात." दोन्ही हात सेटमध्ये असले तर झटका एका हातातून दुसऱ्यात जाताना छातीतून जातो. अनेक जुन्या सेटचा सांगाडा थेट विजेच्या वायरीला जोडलेला असायचा. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की आतलं सगळं लोखंड जिवंत. म्हणून आधी टेस्टर, मग हात.

आणि प्लग काढल्यावरही सेट मेलेला नसतो. पिक्चर ट्यूबच्या काचेला आतून-बाहेरून काळा वाहक लेप असतो, म्हणजे ती स्वतःच एक मोठा कपॅसिटर. पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्येही तीनशे व्होल्ट टिकून राहू शकतात. काका आधी ट्यूबच्या बाहेरच्या तारेला वायरची क्लिप लावत, दुसरं टोक लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरला, आणि मगच तो टोपीखाली सरकवत. टक्. थोडं थांबून पुन्हा, कारण काचेत दबलेला चार्ज परत वर येतो. हा क्रम त्यांनी माझ्यासमोर एकदाही बदलला नाही.

बिघाड ते पडद्यावरूनच ओळखत. मधोमध एकच आडवी पांढरी रेघ असली की व्हर्टिकल सेक्शन गेला. थाप मारल्यावर चित्र परत आलं की कुठेतरी ड्राय सोल्डर. पुन्हापुन्हा फ्यूज उडत असेल आणि कुणी त्यात जाड तार गुंडाळली असेल, तर ते घरमालकावर खरोखर चिडत.

दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बहुतेक सगळी बंद झाली. पनवेलजवळ तळोज्याला भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात पिक्चर ट्यूबच्या काचा बनत, तेही थांबलं. आता जुने सेट माळ्यावरून खाली येतात ते जुने व्हिडिओ गेम खेळायला, आणि उघडणारे असतात विशीतले हात, ज्यांनी फोनपलीकडे काही उघडलेलं नाही. फोनमध्ये पाच व्होल्टचा खेळ असतो.

तेव्हा असा सेट मिळाला तर झाकण न काढता करण्यासारखं पुष्कळ आहे. सॉकेटमध्ये दुसरं उपकरण लावून बघा. वायर कुरतडलेली आहे का, सेट-टॉप बॉक्सची पिन घट्ट आहे का, चॅनल बरोबर आहे का, ते बघा. रंगाचे डाग पडले असतील तर जवळचा स्पीकर हलवा, सेट बंद करून वीस-तीस मिनिटांनी पुन्हा लावा. रंगीत सेट सुरू होताना स्वतःच चुंबकत्व घालवतो. आत पाणी गेलं असेल किंवा जळका वास असेल तर लावूच नका. मागे विजेच्या बाणाचं चिन्ह असलेलं झाकण मात्र जुन्या मेकॅनिकसाठी ठेवा. पाटण-कराडच्या बाजारात, मोबाइलच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, असा एखादा अजून सापडतो. त्याच्याकडे तारेचा बल्ब आहे का, एवढं आधी विचारा.